शेवटचे दोन फूट : आपल्याच गाडीला आपल्याच हाताने ओरखडा पाडायचा नसेल तर

गाडी अकरा दिवसांची होती. रंग गडद निळा, तोही महिनाभर घोळ घालून निवडलेला. तळघरातल्या पार्किंगमध्ये डावीकडे वळताना मागच्या दाराशी ‘खस्स’ असा हलका आवाज आला. तिथेच थांबलो असतो तर तळहाताएवढ्या ओरखड्यावर भागलं असतं. मी काय केलं, तर दचकून स्टिअरिंग पार उलट्या बाजूला फिरवलं आणि गाडी पुढे काढायला गेलो. दार सुटलं, पण मागचा कोपरा खांबावर घासत गेला आणि चाकाच्या कमानीपासून मागच्या दिव्यापर्यंतचा पत्रा सोलून निघाला. शेजारी बसलेले बाबा एवढंच म्हणाले, “अरे, थांबायचं होतंस.”

त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या अशा बऱ्याच चुका जवळून बघितल्या. सगळीकडे गोष्ट साधारण तीच. पहिली चूक किरकोळ असते. खर्च वाढतो तो दुसऱ्या चुकीने, म्हणजे आवाज ऐकल्यावर घाबरून केलेल्या हालचालीने. आणि ही पहिली चूक होते कधी, तर प्रवास संपला असं मनाने ठरवून टाकलेलं असतं, हात सीटबेल्टकडे गेलेला असतो आणि गाडी मात्र अजून दोन फूट चालायची असते तेव्हा. हा सगळा लेख त्या दोन फुटांचा आहे. गाडी नवी असो की वीस वर्षं जीव लावून सांभाळलेली, नियम तेच.

पायरी १ : जागा बघताना

दाराजवळची जागा मिळावी म्हणून अरुंद फटीत गाडी कोंबण्यापेक्षा पन्नास पावलं चालणं परवडतं. रांगेच्या टोकाची जागा चांगली, कारण एका बाजूला कोणाचं दार उघडत नाही. पण ती वळणावर असेल तर जाणारा-येणारा प्रत्येक जण तुमच्या बंपरचा कोपरा घासून जाणार. खांबाशेजारच्या जागेचंही तसंच. ज्या बाजूला खांब, त्या बाजूने शेजारची गाडी दार आपटत नाही, पण शिरताना आणि निघताना तुम्हालाच सांभाळावं लागतं.

झाडाखालची सावली फुकट नसते. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात रंगाचा वरचा थर मऊ पडतो, संध्याकाळी गार होताना तो त्या वाळलेल्या डागाभोवती आवळतो, आणि मग धुऊनही जागेवर खळगा राहतो. डाग दिसला की ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवायचं, मऊ झाला की उचलून घ्यायचा. कोरडा घासायचा नाही. पानगळीत काचेच्या खालच्या जाळीत पानं साचतात, पाणी जायच्या वाटा तुंबतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गाडीच्या आत उतरतं. महिन्यातून एकदा तिथे हात घालून पानं काढावीत.

वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि चालून आलेल्या गाडीत तो काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. गवत पेटायला तेवढं पुरतं.

पावसाळ्यात सखल जागा टाळाव्यात हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते पुढचं : उभ्या गाडीत पाणी शिरलं असेल तर ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी सुकवून, तेल बदलून वाचली असती, तिचं इंजिन उघडावं लागतं. इथेही दुसरीच चूक महागात पडते.

पायरी २ : आत शिरताना

पुढे जाताना गाडी वळवली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतल्या बाजूने, वळण कापत येतात. म्हणून बॉनेट खांबाला ओलांडून गेलं तरी मागचं दार जात नाही, आणि बहुतेक ओरखडे मागच्या दारावर आणि त्यामागच्या पत्र्यावरच असतात. उपाय एकच : खांब तुमच्या आरशाच्या मागे जाईपर्यंत सरळ चाला, वळण उशिरा घ्या. आतल्या बाजूच्या आरशात मागचं दार आणि खांब यांच्यातली फट दिसत राहिली पाहिजे. ती फट दिसेनाशी होत चालली की थांबायचं, अंदाज बांधत बसायचं नाही.

उलटं जाताना भानगड पुढच्या टोकाला असते. मागे बघत रिव्हर्समध्ये वळत असताना गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला झोकतं. सगळं लक्ष कॅमेऱ्यात आणि पुढचा कोपरा शेजारच्या गाडीच्या दारावर, हा प्रकार मी एकाच महिन्यात दोनदा पाहिला आहे. रिव्हर्स घेताना नजर फिरती हवी : मागे, दोन्ही आरसे, पुढचे कोपरे, पुन्हा मागे.

तरीही जागेत उलटी गाडी घालणंच मला पटतं. वळणारी चाकं बाहेरच्या टोकाला राहतात, त्यामुळे कमी जागेत गाडी सरळ करता येते. आणि निघताना, म्हणजे घाईच्या वेळी, समोर बघत बाहेर पडता येतं. डिकीत सामान भरायचं असेल तेव्हा मात्र पंचाईत होते, तेवढी सोसायची.

आता सेन्सर आणि कॅमेरा. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि इतरत्रही तो आता नेहमीचाच झाला आहे. पण त्याला कुठे दिसत नाही ते आधी समजून घ्या. बंपरमधले सेन्सर माणसाला न ऐकू येणाऱ्या उच्च ध्वनीचे ठोके सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतात. बारीक नळी, तारेचं कुंपण, साखळी, तिरपा कठडा, झुडूप यांच्यावरून प्रतिध्वनी नीट परत येत नाही. बंपरपेक्षा बुटकी वस्तू गाडी जवळ जाईल तशी त्यांच्या टप्प्याखाली जाते. म्हणजे आधी वाजत होतं आणि आता गप्प झालं, तर अडथळा हटला असं समजू नका. सेन्सरवर चिखल बसला असेल तर ते एकतर सारखं वाजतात किंवा वाजतच नाहीत.

कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब भासते. पडद्यावरच्या रंगीत रेघा जमिनीवर आखलेल्या आहेत असं धरून काढलेल्या असतात. मागे ट्रकचा पाटा किंवा भिंतीतून बाहेर आलेला पाइप हवेत असेल तर त्याचं अंतर त्या रेघांवरून कळत नाही; रेघ मोकळी दिसते आणि मागची काच फुटते. सेन्सर अखंड वाजू लागला, म्हणजे बहुतेक गाड्यांत अडथळा साधारण ३० सेंटीमीटरवर आला, की तिथेच थांबावं. उरलेली वीतभर जागा जिंकून काही मिळत नाही.

शंका आली तर खाली उतरून बघायचं. मागे कोणी हॉर्न वाजवत असलं तरी. यात कमीपणा वाटतो, मलाही वाटायचा. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी ठेवून तीन दिवस रिक्षाने फिरल्यावर वाटायचा बंद झाला. आणि कोणी बाहेर उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करत असेल तर आधी ठरवून घ्या की ‘बस’ म्हणजे लगेच थांबायचं. हात दाखवणारा तुम्हाला सतत दिसतच असला पाहिजे; तो आरशातून नाहीसा झाला की गाडी थांबलीच पाहिजे.

पायरी ३ : बंपरचा ओठ आणि चाकाची कड

पुढच्या बाजूने जागेत शिरताना चाक अडवणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्याला किंवा फूटपाथला चाक टेकेपर्यंत जायची सवय अनेकांना असते. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, कागदावर १७० मिलिमीटर असला तरी तो पोटाखालचा, तोही बहुधा रिकाम्या गाडीचा. बंपरचा खालचा ओठ त्याहून खाली असू शकतो, आणि चार माणसं नि सामान असलं की आणखी खाली येतो. शिरताना तो ठोकळ्यावरून लवचिकपणे सरकून जातो, बारीक करकर ऐकू येते, आपण दुर्लक्ष करतो. आत गेल्यावर माणसं उतरतात, पण ओठ ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला अडकलेला असतो. निघताना रिव्हर्स टाकला की अख्खा बंपर क्लिपांसकट ओढून येतो.

म्हणून चाक टेकायची वाट बघू नका, ठोकळा बॉनेटखाली दिसेनासा झाला की थांबा. घरच्या जागेत याला सोपी युक्ती आहे : गाडी एकदा नीट उभी करा, छतावरून दोरीला रबरी चेंडू बांधून तो समोरच्या काचेला जेमतेम टेकेल असा सोडा. रोज काचेला चेंडू टेकला की थांबायचं. छत नसेल तर बाजूच्या भिंतीवर आरशाच्या रेषेत रंगीत चिकटपट्टी लावा. खांब असेल तर त्याला दाराच्या उंचीवर जाड फोम गुंडाळा. मी आता तो गुंडाळला आहे, बैल गेला नि झोपा केला असं का होईना.

रस्त्याच्या कडेला गाडी लावताना अलॉय चाकाची कड फूटपाथला घासते. कमी उंचीच्या टायरची गाडी असेल तर रबराचा आडोसा जवळजवळ नसतोच, धातू थेट दगडाला लागतो. कडेच्या बाजूचा आरसा खाली वळवून मागचं चाक दिसेल असा करा. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की तो आपोआप वळतो, ती सोय बंद असेल तर चालू करून घ्या. फूटपाथवर चढावंच लागलं तर अगदी हळू, काटकोनाच्या जवळच्या कोनात. फूटपाथला समांतर राहून टायर वर ओढत नेलं की त्याची बाजू चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तो घेऊन हायवेवर जाऊ नका.

पायरी ४ : थांबल्यावर, उतरायच्या आधी

या पायरीला चार सेकंद लागतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. ओरखड्याने फक्त रंग जातो. सुटून उताराला लागलेली गाडी मात्र समोर जे येईल ते घेऊन जाते.

ऑटोमॅटिक गाडीत बहुतेक जण सरळ ‘पी’ टाकतात आणि पाय उचलतात. ‘पी’ म्हणजे काय, तर गिअरबॉक्समधली एक छोटी लोखंडी खीळ दातेरी चकतीत अडकते. उतारावर पाय उचलला की दीड टनाचं वजन त्या एवढ्याशा खिळीवर येतं. दुसऱ्या दिवशी ‘पी’तून काढताना जो ‘खट्’ असा झटका बसतो तो त्याचाच. त्याऐवजी क्रम असा ठेवा :

१. पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा.
२. ब्रेक दाबलेलाच ठेवून न्यूट्रल करा.
३. हँडब्रेक ओढा किंवा त्याचं बटण दाबा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला का बघा.
४. पायाचा ब्रेक हळूच सोडा. गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर बसेल.
५. पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ टाका, मग इंजिन बंद.

हाताच्या गिअरच्या गाडीत पहिल्या तीन गोष्टी त्याच, मग इंजिन बंद करून चढावर तोंड असेल तर पहिला गिअर आणि उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा. फक्त हँडब्रेकवर गाडी सोडू नका. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत एक गंमत होते : लांबचा घाट उतरून आल्यावर डिस्क तापून फुगलेली असते, आपण हँडब्रेक ओढतो तो त्या फुगलेल्या डिस्कवर बसतो. ती गार होऊन आकसली की पकड सैल पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी, आसपास कोणी नसताना, गाडी आपली आपण निघते. अशा वेळी हँडब्रेक नेहमीपेक्षा एक-दोन खाचा जास्त ओढा, आणि गिअर हवाच.

उतारावर चाकंही वळवून ठेवा. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फूटपाथकडे. तोंड चढाकडे असेल आणि कडेला फूटपाथ असेल तर चाकं फूटपाथपासून दूर वळवा, म्हणजे गाडी मागे सरकली तरी पुढचं चाक मागच्या बाजूने फूटपाथला टेकून थांबतं. फूटपाथच नसेल तर चढ असो वा उतार, चाकं रस्त्याच्या कडेकडे. गाडी सुटलीच तर रस्त्यात न जाता बाहेर जाईल.

ऑटो होल्ड म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. सिग्नलला ब्रेकवरून पाय उचलला तरी गाडी धरून ठेवणारी, पायाला आराम देण्यासाठीची ती सोय आहे. काही गाड्या सीटबेल्ट काढला की स्वतःहून पार्किंग ब्रेक लावतात, सगळ्या नाही. हातातून सोडला की पुन्हा मधल्या जागी येणारा इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर तो कुठे आहे हे हाताला कळत नाही, डोळ्यानेच बघावं लागतं. २०१६ मध्ये फिआट क्रायस्लर कंपनीने याच कारणाने ११ लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या : चालकांना वाटायचं ‘पी’ पडलाय, आणि ते उतरल्यावर गाडी चालू लागायची.

गाडी सुटलीच तर एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. समोर जाऊन हाताने अडवायचं नाही, उघड्या दाराला धरून पळायचं नाही. माणसांना ओरडून बाजूला करायचं. पत्रा पुन्हा मिळतो.

आणखी एक, जाता जाता. तिकीट घ्यायला किंवा पडलेला मोबाइल उचलायला वाकताना गाडी ‘डी’मध्ये आणि पाय ब्रेकवर, असं करू नका. अंग एकीकडे झुकलं की पायाची जागाही सरकते. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो, आणि गाडी थांबत नाही म्हणून माणूस तो आणखी जोरात दाबतो. वाकायच्या आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक, किंवा ‘पी’. गाडी लावताना टाच ब्रेकसमोर जमिनीला टेकलेली ठेवा, ॲक्सिलरेटरकडे फक्त चवडा वळवा. सैल चपला मागच्या बाजूला काढून ठेवा.

पायरी ५ : दार आणि डिकी

स्वतःच्याच गाडीचं दार खांबावर आपटणारे लोक कमी नाहीत. लांबच्या हाताने दार उघडायची सवय लावा : दाराजवळचा हात न वापरता दुसऱ्या हाताने कडी ओढली की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवालाही दिसतो. वारा जोराचा असेल तर दार धरून उघडा. झोताने दार सुटलं की बिजागरी आणि दाराला अडवणारी पट्टी वाकते, आणि मग ते पुढच्या पत्र्याला लागायला लागतं.

उंच फूटपाथ असेल तर एक वेगळाच सापळा असतो. भरलेली गाडी थांबते, कडेचं दार जेमतेम फूटपाथच्या वरून उघडतं. उघड्या दाराने आणखी कोणी मागे बसलं की गाडी बोटभर खाली येते आणि दाराची खालची कड दगडावर बसते. मग जोर लावून ओढायचं नाही. आतली माणसं दुसऱ्या दाराने उतरवा, गाडी वर येते आणि दार सुटतं.

वर उघडणारी डिकी छताच्या तुळईला किंवा वर गेलेल्या शटरला लागते. बटणावर उघडणारी असेल तर बऱ्याच गाड्यांत ती हवी तिथे थांबवून बटण दाबून धरलं की तेवढीच उंची तिच्या लक्षात राहते. पुस्तिकेत बघून घ्या.

धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर टाकू नका. वाऱ्याने ते हलत राहतं आणि मधली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सपाट जागेवर, गिअरमध्ये, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवा. ओढलेला राहिला तर पॅड गंजून चिकटतात.

पायरी ६ : आवाज आला. आता?

थांबा. स्टिअरिंग आहे तिथेच धरून ठेवा. हँडब्रेक, न्यूट्रल, आणि खाली उतरून कुठे लागलंय ते बघा.

गाडीची बाजू किंवा कोपरा खांबाला टेकला असेल तर नियम साधा आहे : आलात त्याच वाटेने परत. पुढे जाताना लागलं असेल तर स्टिअरिंग तसूभरही न हलवता रिव्हर्स टाका आणि क्लचवर, अगदी मुंगीच्या पावलाने मागे या. त्याच कोनात मागे आलं की गाडी खांबापासून सुटत जाते. रिव्हर्समध्ये लागलं असेल तर तसंच पुढे. उलटं स्टिअरिंग फिरवलं की काय होतं ते वर सांगितलंच आहे. दार सुटतं आणि मागचा कोपरा आत झोकतो.

याला एक मोठा अपवाद आहे. बंपरचा ओठ ठोकळ्याला अडकला असेल तर आल्या वाटेने परत जाणं म्हणजे बंपर उपटणं. तिथे गाडीचं नाक वर आलं पाहिजे. पुढची माणसं उतरवा, दोघांनी बंपर खालून किंचित उचलून धरता येतो का बघा. नाहीतर जॅकच्या ठरलेल्या जागी जॅक लावून पुढचा भाग वर घ्या, चाकाखाली फळी सरकवा, मग जॅक उतरवून त्या फळीवरून हळूच मागे. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही डोकं घालू नये.

बाहेर निघाल्यावर लगेच घरी पळू नका. उजेडात चार बाजूंनी फोटो काढा, एक लांबून, एक जवळून, एक खांबासकट. टायरला काही घासतंय का, खाली काही गळतंय का बघा. हिरवं, गुलाबी किंवा केशरी पाणी दिसलं तर बहुधा कूलंट आहे. तशी गाडी चालवायची नाही. एसीचं थेंबथेंब पाणी स्वच्छ असतं, त्याला घाबरू नका. दुसऱ्याच्या गाडीला लागलं असेल तर थांबा, मालकाला शोधा, नाहीच भेटला तर नाव आणि नंबर लिहून ठेवा.

पायरी ७ : नुकसान वाचायचं कसं

माझ्या दारावर निळ्यावर पिवळा जाड पट्टा उमटला होता. पोटात गोळा आला. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसलं, मग मऊ कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलकं फिरवलं, आणि निम्मा पिवळा निघून गेला. तो खांबाचा रंग होता, गाडीला चिकटलेला. म्हणून पहिल्या रात्री निकाल लावू नका.

आधी भाग धुऊन कोरडा करा. मग नख ओरखड्याच्या आडवं फिरवा. नख न अडकता गेलं तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशने बराचसा जाईल. नख अडकलं तर तो खोल गेला आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्यातला पारदर्शक थर ४०-५० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे आपण ज्याच्याशी खेळतो तो थर केसाहून पातळ असतो; हौसेने तासभर घासत बसलात तर आहे तो रंगही जाईल.

तळाशी राखाडी दिसलं तर तो प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. चकचकीत धातू दिसला तर त्याच दिवशी टचअपचा थेंब लावून झाका, सुबक नाही दिसलं तरी चालेल. गंज रंगाखालून पसरतो. प्लास्टिकचा बंपर गंजत नाही, त्यामुळे तिथे घाई नाही. पण बंपर पुन्हा फुगून जागेवर आला म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरू नका. मागे फोम असतो, त्यामागे आडवी पट्टी, आणि हल्ली रडारसुद्धा. बंपरच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का बघा. चाक जोरात आपटलं असेल तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं का, गाडी एका बाजूला ओढते का बघा आणि अलाइनमेंट करून घ्या.

पायरी ८ : दुरुस्ती

पोचा आलाय पण रंग फुटलेला नाही, कडक कड दुमडलेली नाही, तर आधी रंग न करता डेंट काढणाऱ्याकडे जा. तो मागून बारीक सळयांनी पत्रा हळूहळू वर ढकलतो. कारखान्याचा रंग शाबूत राहतो. एकदा पुट्टी भरली की हा रस्ता बंद.

प्लास्टिकच्या बंपरचा उथळ पोचा गरम पाणी ओतून आतून दाबला तर कधीकधी ‘टप्प’ करून बाहेर येतो. धारदार घडी असेल तर रंग तडकतो, तेव्हा तिथे हा प्रयोग नको. पत्र्यावर तर मुळीच नको.

रंग करावाच लागला तर कारागिराला तीन गोष्टी विचारा. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरून घेणार का? धातूची चमक असलेला रंग असेल तर शेजारच्या भागावर विरवत नेणार का? नाहीतर उन्हात दार वेगळं दिसतं. आणि सेन्सर काढून रंगवणार की वरूनच? सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला तर तो बहिरा होतो. बंपरमागे रडार असेल तर काम झाल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवणं, लागतं; ते केल्याचं लेखी घ्या.

विम्याचा क्लेम करायचा तर गाडी उघडायच्या आधी कळवावं लागतं. लहान ओरखड्याला आधी दुरुस्तीचा अंदाज घ्या, मग स्वतः भरावी लागणारी रक्कम आणि क्लेम केल्याने जाणारी नूतनीकरणातली सूट यांची बेरीज करा. बेरीज जास्त निघाली तर खिशातून द्या. दोन छोटे ओरखडे असतील तर दोन्हींचं काम एकाच वेळी करून घेतलं की रंगाची भट्टी आणि मजुरी एकदाच पडते, पण क्लेममध्ये ते दोन वेगळे अपघात म्हणूनच सांगावे लागतात.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसा जा, ढगाळ उजेड असेल तर उत्तम. ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं. दोन-तीन पावलं मागे सरून तिरपं बघा, पत्र्यावरचं खिडकीचं प्रतिबिंब सरळ जातंय की लाटा खातंय. दाराच्या रबराखाली बोट फिरवा, तिथे रंगाची कड उठलेली लागली तर ती नीट करून द्यायला सांगा. नव्या रंगाला निदान महिनाभर वॅक्स लावू नका, आतला द्रव उडून जायला वेळ लागतो. मी महिना संपायची वाट बघितली, खांबाचा फोम पुन्हा घट्ट बांधला, आणि आता त्या वळणावर बाबा शेजारी असले की स्वतःहून आरसा दुमडून बघतात आणि म्हणतात, “जाऊ दे, अजून हातभर आहे.”